उठण्याची चाचणी

आमच्या कंपनीत खुर्चीवर बसायचं काम यंत्र करतं. लोखंडी चौकटीत खुर्ची आवळतात. वरून दट्ट्या खाली येतो. त्याच्या टोकाला माणसाच्या बैठकीच्या आकाराचा लाकडी ठोकळा असतो. तो खुर्चीवर पुरा भार टाकतो, वर जातो, पुन्हा येतो. खुर्ची मोडेपर्यंत किंवा ठरलेला आकडा गाठेपर्यंत हेच चालू. मोडली तर कुठे मोडली ते मी बघते: शिवण उसवली, रिव्हेट सैल झाला, की नळीला वाकाच्या जागी चीर गेली. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी हे करते. वाळूच्या पिशव्या भरणारे आमचे जुने तंत्रज्ञ आहेत, त्यांना सगळे वाळूकाका म्हणतात. ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "लोक पोटासाठी राबतात. आपण बुडासाठी."

त्यामुळे बाबांना तळ्याकाठी गळ टाकून बसायला नवी खुर्ची हवी असं ठरलं, तेव्हा ती मीच निवडणार हे उघड होतं.

ठरवलं दादानं, फोनवरून.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून ते दर रविवारी तळ्यावर जातात. आमची गल्ली संपली की टायरची गोदामं लागतात, त्यांच्यामागे बांध, बांधापलीकडे तळं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना कंपवात असल्याचं सांगितलं. उजवा हात थरथरतो, पावलं आखूड पडतात आणि चेहरा हलत नाही, कारण चेहऱ्याचे स्नायूही ताठ होत जातात. बाबा विनोद करतात तेव्हाही चेहरा तसाच आणि विम्याच्या माणसाशी बोलतात तेव्हाही तसाच. ऐकणाऱ्यानं नुसत्या शब्दांवरून काय ते ठरवायचं.

थंडीच्या सुरुवातीला एका रविवारी ते आपल्या जुन्या बुटक्या स्टुलावर बसले आणि त्यांना उठताच येईना. मी कामावर होते. अंधार पडायला लागला तेव्हा बांधावरून जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं त्यांना काखेत धरून उभं केलं आणि त्यांच्याच फोनमधल्या पहिल्या नावाला फोन लावला. पहिलं नाव दादाचं होतं. दादा राहतो मोठ्या शहरात, गाडीनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर.

"बास झालं," तो मला म्हणाला. "बाबांना मी इकडे घेऊन येतो. खोली रिकामीच आहे."

"तिथे तळं नाही."

"स्विमिंग पूल आहे," दादा म्हणाला. त्याचं त्यालाच ते बरं वाटलं नसावं. "बरं, ऐक. चांगली खुर्ची घे त्यांना. हलकी, म्हणजे एकट्याला नेता येईल. मजबूत. तासन्‌तास बसता येईल अशी. महिन्याभरानं मी येतो. तळ्यावर, माझ्या डोळ्यांदेखत, कुणी हात न लावता उठून दाखवू देत. उठले तर राहू देत तुझ्याकडे. नाही उठले तर त्याच दिवशी गाडीत बसवून आणणार. मग रडारड नको."

"मी कधी रडते?"

"तेही खरंच," दादा म्हणाला. "बाबांना दे."

बाबांनी फोन कानाला लावून सगळं ऐकून घेतलं आणि "चालेल" म्हणाले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "उंटावरून शेळ्या हाकतोय. पण शेळ्यांना विचारतो कोण."

मला काही वाटलं नाही. बाबांच्या आजाराचं निदान कळलं त्या दिवसापासून माझं तसंच चाललं होतं. कामं होत होती, जेवण जात होतं, झोपही लागत होती. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात, मग आपण ओठाला बोट लावून बघतो. बोटाला ओठ लागतो, ओठाला काही लागत नाही. तसं. बाबा दादाकडे गेले तर घरात मी एकटी राहीन, हे मला समजत होतं. पाणी शंभर अंशांना उकळतं हे समजतं, तितकंच.

खुर्चीचं काम मात्र नीट करायचं ठरवलं. हलकी, आरामशीर आणि मजबूत हे तीन शब्द प्रत्येक जाहिरातीत हातात हात घालून येतात. प्रत्यक्षात त्यांचं एकमेकांशी पटत नाही. हलकी करायची तर नळी पातळ हवी, आणि पातळ नळी वाकाच्या जागी दमते. आरामशीर म्हणजे बहुतेक ठिकाणी कापडाची झोळी. झोळीत माणूस मागे कलून खोल बसतो, छान वाटतं त्याला; पण उठायचं झालं तर आधी स्वतःचा सगळा भार पुढे, पावलांच्या वर आणावा लागतो, आणि झोळी नेमका तोच मागे धरून ठेवते. उंच बैठक घेतली तर गुडघ्यांना सोपं, पण उंच खुर्ची हलकी असली तर हातांवर जोर देताना डुलते. त्यात तळ्याकाठची जमीन ओली. चार बारीक पाय चिखलात सुरीसारखे घुसतात.

वाळूकाकांना मी विचारलं, आपल्याकडे उठण्याची काही चाचणी आहे का.

"उठण्याची?" त्यांनी पिशवीचं तोंड बांधता बांधता दट्ट्याकडे हनुवटी केली. "तो उठतोच की. त्याला वर ओढायला पंप आहे."

बाजारात तंबू, गळ, दोऱ्या विकणारं एक दुकान आहे. शनिवारी सकाळी नाश्ता झाल्यावर मी बाबांना तिथे नेलं. दुकानदार जाडसर, बोलका माणूस होता आणि स्वतः दिवसभर प्लास्टिकच्या साध्या खुर्चीवर बसायचा. त्यानं आठ-दहा खुर्च्या उलगडून मांडल्या. मी त्या उलट्या करून शिवणी आणि बिजागऱ्या बघितल्या. शेवटी अ‍ॅल्युमिनियमची, हात असलेली एक ठरवली. बाबा बसले, उठले. पुन्हा बसले, उठले.

"बघा, स्प्रिंग बसवल्यासारखे उठतात," दुकानदार म्हणाला.

"जवानीत लिफ्ट ओढायचो," बाबा म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते गॅलरीत त्या खुर्चीवर बसले आणि त्यांना उठता येईना. तीनदा पुढे झुकले, तीनदा मागे पडले. मी हात दिला. मग खुर्ची उलटी करून पट्टी लावली. कापड मधोमध खाली आलं होतं, सकाळपेक्षा बोटभर जास्त. कारण सापडलं असं मला वाटलं: भाराखाली कापड सैल होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी ती बदलून दुसरी घेतली. ताठ बैठक, पोलादी नळी. दुकानात बाबा पुन्हा सहज उठले. रविवारी उजाडता उजाडता, चहासुद्धा न घेता, आम्ही ती तळ्यावर नेऊन बघितली. उठता आलं नाही. खुर्चीचे पाय मातीत दोन बोटं रुतले होते, म्हणजे बैठक तितकी खाली गेली. हेही कारण पटण्यासारखं होतं. तिसरी खुर्ची घेतली ती रुंद चपट्या पायांची, आणि हात पुढेपर्यंत आलेली, म्हणजे रेटा देताना तळवे गुडघ्यांजवळ येतील अशी. वजनाला पहिलीइतकी हलकी नव्हती, पण खांद्याला अडकवून बाबांना नेता येत होती. दुकानात त्यांनी पाच वेळा उठून दाखवलं.

"ताई, एक सांगू का," दुकानदार म्हणाला, "राग मानू नका. तुमचे वडील दुकानात झकास उठतात. त्यांना इथेच गळ टाकू द्या. बादलीत मासे मी सोडतो."

"भाव काय लावणार?" बाबांनी विचारलं.

त्या संध्याकाळी तिसऱ्या खुर्चीवरूनही त्यांना उठता आलं नाही. मी समोर फरशीवर बसले आणि खुर्चीच्या पायांकडे, हातांकडे, बैठकीच्या कोनाकडे बघत राहिले. कुठेच काही बिघडलेलं नव्हतं. खुर्ची सकाळी होती तशीच होती. बाबांची संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली, मी पाणी आणून दिलं, त्यांनी गोळी घेतली आणि मी परत खुर्चीकडे बघायला लागले. बाहेर बरंच अंधारलं. मग बाबा "येतो" म्हणाले, पावलं मागे घेतली, हातांवर जोर दिला, उठले आणि मोरीकडे गेले.

ते परत आल्यावर मी त्यांना पुन्हा बसायला लावलं. पुन्हा उठायला लावलं. उठले.

दुकानात आम्ही नेहमी नाश्त्यानंतर गेलो होतो, म्हणजे सकाळच्या गोळीनंतर. गॅलरीत ते बसले ती वेळ गोळी उतरत आलेली असायची. तळ्यावर त्या पहाटे गेलो तेव्हा गोळी घेतलीच नव्हती. ते स्टुलावर अडकले तो रविवारही तसाच असणार. गोळ्यांची डबी मीच भरते. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं की गोळी उतरली की अंग आखडणार. ते सगळं मला माहीत होतं. पण आमच्याकडे खुर्च्या बदलतात आणि ठोकळा तोच असतो. मी बाबांना ठोकळा धरून चालले होते.

त्यांना हे सांगितलं.

"म्हणजे उठता येईना, खुर्ची वाकडी," बाबा म्हणाले. "त्या दोन खुर्च्यांची माफी माग. उगाच बदनाम केल्यास."

मग मी पुढचा हिशेब केला. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासानं असर चढतो, मग दोन-अडीच तास टिकतो. दादा रविवारी अकराच्या सुमाराला येणार होता. साडेदहाला गोळी घेतली की अकराला तो बघेल तेव्हा बाबा उठणार. हे मी बाबांना सांगितलं नाही. मी फक्त म्हणाले, त्या दिवशी गोळी साडेदहाला घ्यायची. "बरं," बाबा म्हणाले. त्यांना कळलं होतं की नाही ते चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती.

रविवारी आम्ही दहालाच तळ्यावर पोचलो. आकाश राखाडी होतं, वारा नव्हता. रुंद पाय मातीवर नीट बसले. बाबांनी गांडूळ लावायला मला सांगितलं, कारण बारीक कामाला त्यांचा हात ऐकत नाही. गळाच्या दोऱ्याचा लाल तरंगा पाण्यावर उभा राहिला. साडेदहाला मी गोळी दिली. अकराला दादाचा फोन आला: टायर पंक्चर झालाय, आणि स्टेपनीतही हवा नाही.

"कुणाची गाडी वापरतोस, शत्रूची?" बाबांनी मोठ्यानं विचारलं. त्यांचा मोठा आवाजही आता लहान निघतो, त्यामुळे दादाला तो ऐकू गेला नाही.

बारा वाजले. बाबा मधे दोनदा सहज उठले, एकदा झुडपाआड जाऊन आले, परत बसले. दोन्ही वेळा मी बघितलं आणि वाटलं, आत्ता यायला हवा होता. एक वाजला. दीडच्या पुढे त्यांचा उजवा हात मांडीवर जोरात थरथरायला लागला आणि मान पुढे आली. गोळी उतरत होती. पुढची दोनला घ्यायची होती, आधी नाही. दोनला काही मिनिटं उरली असताना दादा बांधावरून उतरला. ऑफिसचे बूट, हाताला वंगण.

"काय बाबा, कसं काय?"

"बसलोय."

दादानं खुर्चीभोवती एक फेरी मारली, पाठीच्या नळीवर थाप मारली. "दणकट दिसते. मोजपट्टीनं निवडली म्हणजे काय प्रश्नच नाही." मोजपट्टी म्हणजे मी, शाळेपासून. "चला बाबा, दाखवा एकदा. मग आपण कुठेतरी जेवू."

"तू आधी चहा घे," मी म्हणाले आणि थर्मास उघडला. "लांबून आलायस."

"चहा होईल गं नंतर."

"थंड होईल."

"थर्मासमध्ये?"

मी झाकणात चहा ओतत राहिले. बाबांनी पाण्याकडची नजर काढली नाही.

"आत्ता नाही उठता येणार," ते म्हणाले.

दादा थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे आत्ता नाही. गोळीची वेळ झाली. घेतो. पाऊणएक तासानं उठेन. तोवर बस."

त्यांनी हात पुढे केला. मी गोळी दिली, पाणी दिलं. दादा माझ्याकडे बघत होता.

"तुला माहीत होतं हे?"

"हो."

"म्हणजे मी अकराला आलो असतो तर..."

"उठले असते."

"आणि मी आपला खुशीत परत गेलो असतो."

"हो."

"वा," दादा म्हणाला. "दोघं मिळून."

"हिनं एकटीनं," बाबा म्हणाले. "मला आत्ता कळलं. म्हणजे, साधारण आत्ता."

दादानं आमिषाची बादली पालथी केली, तिच्यावर रुमाल अंथरला आणि बसला. बादली बुटकी, त्याचे गुडघे पार छातीपर्यंत आले. बसायला मला जागा नव्हती. मी उकिडवी बसले. आम्ही तिघं एका ओळीत पाण्याकडे तोंड करून होतो. समोरच्या काठावर एक माणूस गाडी धूत होता. त्याच्या गाण्याचे तुकडे पाण्यावरून येत होते.

तरंगा हलला. एकदा, मग एकदम खाली गेला. बाबांनी थरथरता हात गळाच्या काठीवर नेला आणि काठी धरताच थरथर थांबली. हे मी आधीही बघितलं होतं: ती रिकाम्या हाताची थरथर आहे, हाताला काम लागलं की कमी होते. त्यांनी हळूहळू दोरा आत घेतला, बसल्याबसल्या, अजिबात घाई न करता. हातभरही नसलेला मासा गवतावर येऊन पडला.

"काढ गळ," बाबा दादाला म्हणाले.

"मी? मला कुठे येतं?"

"लहानपणी यायचं."

"लहानपणी तुम्ही काढायचात. मी नुसता धरायचो."

"मग धर. ती काढेल."

दादानं मासा धरला, मी गळ काढला, आणि बाबांनी मानेनं पाण्याकडे दाखवलं तसा दादानं तो सोडून दिला. मग हात कुठे पुसावेत हे न कळून तो हात पुढे धरून बसला. मी गळाला नवं गांडूळ लावलं, तो पुन्हा पाण्यात टाकला आणि काठी बाबांच्या हातात दिली.

"बाबा, समजा मी आलोच नसतो," तो म्हणाला. "गोळी संपली, उठता येत नाही. तुम्ही नुसते इथे बसून राहणार?"

"गळ टाकून बसलेला माणूस पाऊण तासात उठला तर त्याला लोक उतावळा म्हणतात."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही. पोस्टात रांगेत असतो तर अडचण झाली असती. इथे मला कुठे उठायचं असतं?"

"पाऊस आला तर?"

"भिजेन."

"साप आला तर?"

"त्याला माझ्यापेक्षा घाई असेल. जाईल."

"चक्कर येऊन पडलात तर?"

बाबा तरंग्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पडेन."

मी घड्याळाकडे बघत नव्हते, बाबांच्या मानेकडे बघत होते. मान हळूहळू वर येत होती. उजव्या हाताचा वेग कमी झाला. त्यांनी काठी बाजूला ठेवली, बैठकीच्या कडेवर सरकले, पावलं मागे घेतली, तळवे खुर्चीच्या हातांच्या टोकाशी आणले. नाक पावलांच्या पुढे गेलं. क्षणभर ते तसेच राहिले, आणि दादाचा हात आपोआप पुढे झाला. मग बाबा उभे राहिले. दादानं हात मागे घेऊन खिशात घातला.

खुर्ची हलली नाही. चारही पाय जागेवर होते. मी ते बघितलं, सवयीनं.

"मग हे काय धरायचं?" दादानं मला विचारलं. "पास की नापास? तूच सांग. रोजचं काम आहे तुझं."

कंपनीत मी खुर्चीला चांगली किंवा वाईट म्हणत नाही. किती भाराला, कितव्यांदा, कुठे मोडली, एवढंच सांगते. म्हणून तेवढंच सांगितलं.

"गोळी लागू असली की उठतात. उतरली की नाही. गोळीचा वेळ हळूहळू कमी होत जाणार. कधीतरी पाऊण तासानंतरही उठता येणार नाही."

"कधी?"

"माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही."

"आणि त्या दिवशी तू कामावर असशील."

"असेन बहुतेक."

"आणि हे चालतंय तुला?"

मी उत्तर शोधलं. खरंच शोधलं. दादा वाट बघत होता आणि आत काहीच हाताला लागत नव्हतं. "मला चालतंय की नाही ते मला कळत नाही, दादा," मी म्हणाले. "पण त्यांना इथे यायचं असतं. एवढं कळतं."

"मी इथेच उभा आहे," बाबा म्हणाले. "बऱ्याच कष्टानं. तेव्हा मलाही विचारा." आम्ही त्यांच्याकडे वळलो. "मी तुझ्याकडे येत नाही. तुझी अट मान्य केली ती चूक झाली. मोडतो."

"चालेल म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणालो होतो. आता नाही म्हणतो. बापानं एकदा तरी शब्द फिरवावा, पोरांना मोठं झाल्यासारखं वाटतं."

चेहरा तसाच, पाटीसारखा. दादानं त्यांच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. त्याचे खांदे हलायला लागले. तो रडत होता, पण आवाज नव्हता, मधूनच नाक ओढत होता. त्याचा रुमाल बादलीवर होता आणि हातांना माशाचा वास. मी थर्मासच्या पिशवीतलं फडकं त्याला दिलं. बाबांनी एक आखूड पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आपणही आता रडायला हवं. डोळे कोरडेच होते. उकिडवं बसून पाय झिणझिणत होते, तेवढंच लागत होतं.

"दर रविवारी मला फोन करायचा," थोड्या वेळानं दादा म्हणाला.

"फोनवर बोलताना मासा निसटतो."

"घरी गेल्यावर करा."

"करेन. पण माझीही एक अट." बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं मागं मागं यायचं नाही. सुट्टी असली की बांधाआड उभी राहून बघते. तिला वाटतं मला दिसत नाही. पहारा बसला की मासा लागत नाही."

"मी नुसती..."

"यायचं नाही," बाबा म्हणाले.

दादा जेवून परत गेला. जाताना म्हणाला, "खोली तशीच ठेवतोय." बाबा म्हणाले, "ठेव. चांगल्या घरात एक खोली रिकामी असावी."

पुढच्या रविवारी मला सुट्टी होती. बाबा सकाळची गोळी घेऊन निघाले. दुपारची गोळी वरच्या खिशात, पाण्याची बाटली, काठी, खांद्याला खुर्ची. मी दार लावलं आणि घर आवरायला घेतलं. कपडे धुतले, फरशी पुसली. दुपार झाली. त्यांनी गोळी घेतली असेल किंवा विसरले असतील. घेतली असेल तर चढली असेल. मी चपला घातल्या आणि काढल्या. भाजी चिरून ठेवली. भिंतीवरचं घड्याळ नेहमीच्याच वेगानं चालत होतं. खिडकीतून टायरच्या गोदामांची पत्र्याची छपरं दिसतात, त्यापलीकडचा बांध दिसत नाही. नेहमीची यायची वेळ झाली, मग टळली. फोन लावावा म्हणून हातात घेतला आणि पालथा ठेवला. पुन्हा फरशी पुसली.

उन्हं भिंतीवरून गेली तेव्हा खाली जिन्यात आवाज झाला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. खुर्चीची नळी पायरीला आपटली. एक आखूड पाऊल, दुसरं. पुन्हा नळी. पहिल्या वळणावर आवाज थांबला.

मी दाराशी गेले आणि कडीवर हात ठेवला. खाली काहीच ऐकू येत नव्हतं. श्वास घेत असतील, किंवा पाऊल उचलत नसेल. तसं होतं त्यांना कधीकधी, जिन्याच्या वळणावर पाय जमिनीला चिकटतात. पंधरा पायऱ्या उतरून गेले असते तर कळलं असतं. कडी गार होती. ती किती गार आहे हे मला पूर्ण, नीट कळत होतं, आणि छातीत काहीतरी जोरजोरात आपटत होतं.

नळी पायरीला लागली. मग आखूड पाऊल. मी दार उघडलं नाही. कडीवरचा हात तसाच ठेवून बेल वाजायची वाट बघत राहिले.